प्लेट उचलायची दोरी आणि ४२ सेंटिमीटर

होडी १६ फुटी, फायबरची, दोन शिडांची. ऑक्टोबर ते मे ती रेवदंड्याला कुंडलिकेच्या खाडीत नांगरावर असते. ट्रेलर नाही. होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून मधल्या पेटीतून पाण्यात उतरणारं सेंटरबोर्ड म्हणजे ८ मिमी जाडीची, गॅल्व्हनाइज केलेली लोखंडी प्लेट: लांबी ११० सेमी, रुंदी ४५ सेमी, वजन ३० किलोच्या आसपास. ती पुढच्या टोकाला एका बोल्टवर फिरते. बोल्टपासून ७० सेमीवर, वरच्या कडेला एक भोक आहे. त्याला बांधलेली दोरी पेटीच्या माथ्यावरच्या कप्पीवरून आत येते आणि क्लीटमध्ये, म्हणजे दोरी धरून ठेवणाऱ्या खुंटीत, अडकते. ही दोरी तुटल्यावर काय काय करावं लागलं ते तारखेनुसार लिहून ठेवते आहे. आतेभाऊ आणि मी दोघं मिळून होडी सांभाळतो. तो रेवदंड्यालाच असतो, मी शनिवार-रविवारी पुण्याहून जाते.

१० मार्च २०२४, रविवार, अमावास्या

उधाणाचा दिवस. दुपारी बाराच्या सुमारास भरती होऊन गेली होती. साडेचारला परत खाडीत शिरत होतो. कोर्लईचा किल्ला उजव्या हाताला, वायव्येचा वारा पाठीमागून, आणि खाडीचं पाणी जोरात बाहेर निघालेलं. वारा मागून असला की प्लेट लागत नाही, शिवाय मुखाशी पाणी उथळ होत चाललं होतं, म्हणून मी दोरी ओढली. अर्ध्यावर आली आणि हातात एकदम हलकी झाली. खाली धाडकन आवाज. प्लेट पूर्ण उतरली होती आणि दोरीचं तुटकं टोक माझ्या हातात होतं.

प्लेट खाली असताना होडीला सव्वा मीटर पाणी लागतं. किनाऱ्याला जाता येईना, पाणी तासातासाला उतरत होतं. शिडं उतरवून खोल पाण्यात नांगर टाकला.

प्लेट वर घ्यायला होडीखालून दोर घालायचा हे माहीत होतं, पण केलेलं नव्हतं. १२ मीटरचा जादा दोर घेतला, त्याचा मधला भाग नाळेखालून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखालून, सोडला आणि दोन्ही टोकं दोन काठांवरून मागे आणली. पहिली चूक इथे झाली. आम्ही दोघं होडीच्या मध्यावर बसून दोर सरळ वर ओढत राहिलो. दोर प्लेटच्या पुढच्या धारेवरून वर सरकला आणि बोल्टजवळ, होडीच्या तळाला जाऊन चिकटला. तिथे तरफ काहीच मिळत नाही. प्लेट तसूभर हलली नाही, पंधरा मिनिटं गेली.

मग दोर सैल सोडला, पुन्हा खाली लोंबू दिला आणि या वेळी दोघंही अगदी मागच्या कोपऱ्यांत जाऊन मागच्या दिशेने ओढला. प्लेट उचलली गेली. पण ती निम्म्याहून वर आली की तसंच मागे ओढत राहून चालत नाही, दोर प्लेटच्या टोकावरून निसटतो. आमचा एकदा निसटलाच. तिसऱ्या वेळी प्लेट अर्ध्यावर आली तशी आतेभावाने आपली बाजू एका फेऱ्यात क्लीटला धरली, मी माझं टोक पुढे आणून प्लेटच्या टोकासमोर काठावर घेतलं, मग त्याने त्याचं. आता दोर झोळीसारखा प्लेटखाली होता. तो सरळ वर आवळला आणि प्लेट पेटीत गेली. दोन्ही टोकं आडव्या फळीला बांधली. एकट्या माणसाला हे जमेल असं मला वाटत नाही.

किनाऱ्याला लागलो तेव्हा सूर्य बुडत होता. तुटलेला दोर फेकला नाही, पिशवीत ठेवला. पुढे त्याचाच उपयोग झाला.

१६ मार्च, शनिवार

भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी. या दिवसांत आमच्याकडची वाळू पुरेशी उघडी पडत नाही, म्हणून होडी पाण्यातच ठेवून वरून काही जमतं का ते पाहिलं. पेटीच्या माथ्यावर फक्त २५ मिमीचं भोक आहे, बाकी सगळं फायबरने बंद. तारेचा आकडा करून प्लेटचं भोक शोधत बसले. तीन तास. एकदाही आकडा अडकला नाही. प्लेट वर असताना ते भोक माथ्यापासून जेमतेम १५ सेमीवर आहे, पण पेटीची आतली रुंदी २२ मिमी, आत अंधार, आणि तुटक्या दोरीची गाठ भोकातच बसलेली. पेटीचा माथा कापून झाकण बसवावं का, असंही मनात आलं. पण बसायची आडवी फळी त्याच माथ्यावर टेकते आणि होडीची ताकद तिथे आहे. नाही कापला.

म्हणजे होडी ओहोटीला वाळूवर बसवून आडवी करणं आलं. त्यासाठी उधाण हवं. आणि आमच्या सुट्टीच्या दिवशी हवं.

२३ मार्च, शनिवार

पौर्णिमा दोन दिवसांवर. अकराच्या सुमारास भरतीवर होडी रेतीच्या पट्ट्यावर आणली. डोलकाठी आधीच उतरवून ठेवली होती. ती उभी असताना होडी कलवायची नाही. दीडनंतर होडी टेकली. तोपर्यंत आम्ही झोळी सोडलेली होती, कारण प्लेट बाहेर काढायची होती. ही दुसरी चूक. प्लेट खालच्या फटीतून थोडी बाहेर आली, होडीचं वजन तिच्यावर बसलं, आणि फटीत वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे ठासून भरले. पाणी गेल्यावर होडी कलवली तर प्लेट अडकलेली. दोन माणसं ओढून हलेना.

पातळ पट्टीने फट कोरून काढण्यात दीड तास गेला. एक गारगोटी प्लेट आणि पेटीच्या मध्ये पाचरीसारखी बसली होती. ती निघाली आणि प्लेट मोकळी झाली. पुढच्या वेळी झोळी होडी कलल्यावरच सोडायची, आणि तळाखाली वाळूची पोती घालायची.

होडी आडवी करायला गावातली चार माणसं आली होती. एका काठाखाली जुने टायर, दुसरा काठ उचलला. तीनशे किलोची होडी सावकाश कलते, घाई केली तर फायबरला तडा जाईल.

आडव्या होडीत प्लेट स्वतःहून बाहेर पडत नाही, हाताने ओढावी लागते. भोक दिसलं. जुन्या दोरीचा उरलेला तुकडा तिथेच होता, तो सोडवून पिशवीत टाकला.

मग लक्षात आलं की नवी दोरी वरून खाली आणायला मधे धागा हवा. होडी उभी असताना नट बांधलेला सुतळीचा धागा वरच्या भोकातून सोडला असता तर आपोआप खाली आला असता. आडव्या होडीत धागा कुठे पडणार? शेजारच्या वायरमनकडून फिश वायर, म्हणजे नळीतून वायर ओढायची लवचिक तार, आणली, ती पेटीतून सरकवली. चाळीस मिनिटं गेली.

दोरी म्हणून बाजारातल्या जाळ्यांच्या दुकानातून ८ मिमीची तीन पदरी नायलॉनची दोरी आणली होती. भोकाला बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फाशाची गाठ, मारली. गाठ २५ मिमीच्या आसपास जाड, पेटी २२ मिमी. प्लेट वर घेताना गाठ तोंडाशीच अडली. मोजून बघायला हवं होतं. मग त्याच दुकानातली ६ मिमीची आणून, गाठ छोटी आवळून, चपटी करून बसवली. कशीबशी गेली. अंधार पडता पडता काम संपलं. साडेदहाच्या पुढे पाणी भरल्यावर होडी तरंगली.

दुसऱ्या दिवशी होळी, गावात शिमग्याची गडबड. कुणाला पुन्हा बोलावणं शक्य नव्हतं आणि गरज आहे असं वाटतही नव्हतं.

३१ मार्च, रविवार

आठवड्यात आतेभाऊ दोनदा होडी घेऊन गेला होता, आज आम्ही दोघं गेलो. परतल्यावर प्लेट वर घेतली आणि सवयीने दोरीवरून बोटं फिरवली. एका जागी खरखरीत लागलं. कप्पीच्या वर ओढून पाहिलं तर तीनपैकी दोन पदर कापलेले. तिसऱ्यावर ३० किलोचं लोखंड लटकत होतं. लगेच झोळी घातली.

किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेले तांडेल काका आले. दोरी हातात घेतली, उजेडात फिरवली. म्हणाले, "दोर असा तुटत नाय, बाय. कायतरी कापतंय त्याला."

मी तोपर्यंत दोरी कमजोर होती असंच धरून चालले होते. खरं तर साधा हिशेब पुरेसा होता. प्लेट वर असताना दोरीवर पंचवीस किलोहून कमी ओढ येते. ६ मिमीची नवी दोरी कित्येक शे किलो पेलते. ओझ्याने ती तुटणं शक्यच नाही.

पिशवीतला जुना तुकडा काढला. गाठीपासून तुटक्या टोकापर्यंत ४२ सेमी. नव्या दोरीवर गाठीपासून कापलेल्या जागेपर्यंत किती, हे लगेच मोजता येईना, कारण गाठ पेटीत. पण प्लेट पूर्ण वर असताना गाठीपासून कप्पीपर्यंत १५ सेमी, आणि कापलेली जागा कप्पीच्या पुढे २६ सेमीवर. बेरीज ४१. एका सेंटिमीटरचा फरक.

म्हणजे जागा तीच. ४१-४२ सेमी दोरी बाहेर असते तेव्हा प्लेट अर्धी खाली असते. खाडीत आम्ही नेहमी तशीच ठेवतो, कारण मधे मधे रेतीचे पट्टे आहेत. अर्ध्यावरची प्लेट लाटेबरोबर पेटीत थोडी हलत राहते, आणि तेवढ्याच दोन-तीन सेंटिमीटरमध्ये दोरी कप्पीवर मागेपुढे होते. तासन्‌तास.

कप्पी उघडली. तीन आठवडे मी दोरीकडे पाहत होते आणि कप्पीकडे एकदाही पाहिलं नव्हतं. चाक फिरत नव्हतं. मीठ आणि गंज यांनी पिन आणि चाक एकजीव झालं होतं. चाकाची खाच ४ मिमीची, म्हणजे कधीकाळी या होडीला दोरीऐवजी स्टीलची वायर होती. ६ मिमीची दोरी खाचेत बसतच नव्हती, दोन्ही कडांवर चढून घासत होती. वायरने त्या कडा झिजवून पात्यासारख्या केल्या होत्या. बोट फिरवलं तर चामडी निघाली.

१ ते ५ एप्रिल

जुनी पिन रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून ठोकून काढली. निघताना वाकली. वाया गेली तरी हरकत नव्हती, ती साधी लोखंडी होती.

चाक अलिबागला एका लेथवाल्याकडून करून घेतलं: ४० मिमी व्यास, १२ मिमी रुंद, खाच ८ मिमी दोरी मावेल अशी गोल, कडा मऊ. नायलॉनच्या रॉडमधून. पिन १० मिमीची, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची. चाक आणि पिन मिळून ५२० रुपये. खाचेचा तळ गोल हवा, व्ही आकाराचा नको, हे त्यांना चित्र काढून दाखवलं.

पेटीतल्या भागासाठी ५ मिमीची डायनीमा, म्हणजे फार मजबूत कृत्रिम धाग्याची दोरी, मागवली, ४ मीटर, मीटरला २४० रुपये. शिडाच्या होडीचं सामान विकणाऱ्या मुंबईच्या एका दुकानातून. महाग आहे. घेण्याचं कारण ताकद नव्हे, जाडी. प्लेट ८ मिमी, तिच्या दोन्ही बाजूंना दोरीचे ५-५ मिमी, एकूण १८. पेटी २२. गाठीशिवाय बसवता येईल अशी दुसरी दोरी मला सापडली नाही.

डायनीमाला गाठ नव्हे, स्प्लाइस करायचा असतो. बारा पदरांची पोकळ वीण असते. टोक वळवून दोरीच्याच पोटात घालायचं. पोटात घालायची लांबी दोरीच्या जाडीच्या ७२ पट धरतात, म्हणजे इथे ३६ सेमी. सुई म्हणून दुमडलेली बारीक तार वापरली. पहिला प्रयत्न उसवला, कारण आत घातलेलं टोक मी सरळ कापलं होतं आणि जिथे ते संपतं तिथे दोरी एकदम बारीक होऊन बावळी दिसत होती. दुसऱ्या वेळी टोकाचे पदर एकेक करून कमी केले, निमुळतं केलं. दोन संध्याकाळी गेल्या. हे काम घरी टेबलावरच करावं. वाळूत बसून, वाऱ्यात, पाणी चढत असताना हे होणार नाही.

६ एप्रिल, शनिवार

अमावास्या दोन दिवसांवर. पुन्हा रेतीचा पट्टा. या वेळी तळाखाली वाळूची चार पोती, झोळी शेवटपर्यंत बांधलेली, आणि होडी उभी असतानाच नट बांधलेली सुतळी वरून सोडून खाली काढून ठेवलेली. २३ मार्चला पाच तास लागले होते, आज दोन तासांत प्लेट हातात होती.

प्लेटचं भोक आज नीट पाहिलं. कडा धारदार होती. गोल कानशीने दोन्ही बाजूंनी घासून बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत पॉलिश पेपर मारला. घासल्यावर तिथला जस्ताचा थर गेला, म्हणून झिंकच्या स्प्रेचे तीन हात दिले, प्रत्येक हातामध्ये वीस मिनिटं. या वाळण्यातच सर्वात जास्त वेळ गेला.

स्प्लाइस केलेला फासा भोकातून ओवला आणि दोरीचं दुसरं टोक त्या फाशातून काढून ओढून घेतलं. गाठ नाही, शॅकल (धातूची जोडकडी) नाही. स्टेनलेसची शॅकल मुद्दाम टाळली, कारण खाऱ्या पाण्यात स्टेनलेसला टेकलेलं जस्त आधी खाल्लं जातं आणि मग तिथलं लोखंड उघडं पडतं.

बोल्ट काढला नाही. प्लेट बाजूला हलवून पाहिली, खडखड नव्हती, आणि पेटीत गळती नव्हती. चालत्या बोल्टला उघडलं की त्याचे वॉशर बदलावेच लागतात.

दोरीचं वरचं टोक आतल्या छोट्या कप्पीला बांधायचं होतं. तिथे स्प्लाइस करायला उजेड उरला नव्हता, म्हणून बोलाइन मारली.

७ एप्रिल, रविवार

बोलाइन सुटली. नांगरावर उभं असतानाच, फार ओढ नसताना. डायनीमा इतकी गुळगुळीत असते की साधी गाठ तिच्यात धरून राहत नाही. हे मी वाचलेलं होतं आणि तरी मारली, एका रात्रीचा तर प्रश्न आहे म्हणून. प्लेट खाली गेली. सुदैवाने दोरीचं टोक कप्पीतून निसटलं नाही, कारण मी तिथे सुतळीचा एक जाड वेढा गुंडाळून ठेवला होता. निसटलं असतं तर पुन्हा वाळू, पुन्हा टायर, पुन्हा चार माणसं.

होडीतच बसून दुसऱ्या टोकाचा स्प्लाइस केला, दीड तास. क्लीटमध्ये डायनीमा घट्ट राहत नाही म्हणून हातात येणारा भाग ८ मिमीच्या पॉलिएस्टर दोरीचा ठेवला: छोट्या कप्पीतून दुहेरी, म्हणजे ओढायला निम्मा जोर. ५ मीटर, ४७५ रुपये. नायलॉन इथे नको. ती ताणली जाते आणि क्लीट केल्यावरही प्लेट हळूहळू खाली बसते.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी गुढी उभी करून अकराला निघालो. साळावच्या पुलाकडे आतल्या बाजूला गेलो, मग मुखापर्यंत. प्लेट दहा-बारा वेळा वर-खाली केली. एका हाताने येते. आतेभाऊ म्हणाला, "ताई, एवढी हलकी होती का ही?" आधीचं चाक फिरतच नसल्यामुळे आम्ही दोन वर्षं घर्षण ओढत होतो.

१४ एप्रिल, रविवार

प्लेट पुन्हा जड. चाक अडकलं होतं.

पाच दिवसांत नायलॉनने पाणी पिऊन अंग धरलं होतं. १२ मिमीचं चाक मोजलं तर १२.२. कप्पीच्या दोन गालांमधली जागा तेवढीच. लेथवाल्याची यात चूक नाही, मी त्यांना ते पाण्यात राहणार आहे हे सांगितलंच नव्हतं. काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिमी घासून कमी केलं. पुन्हा करून घ्यायची वेळ आली तर डेलरिन या टणक प्लास्टिकच्या रॉडचं सांगेन, ते इतकं पाणी पीत नाही. कप्पी आतून निघते, त्यामुळे होडी आडवी करावी लागली नाही. झोळी मात्र घालावीच लागली.

याच वेळी दोरीवर दोन रंगीत धागे गुंडाळून खुणा केल्या: लाल म्हणजे अर्धी, काळा म्हणजे पूर्ण खाली.

१८ मे, शनिवार

सव्वा महिना झाला. दर फेरीनंतर ४२ सेमीची जागा बोटाने तपासते. तिथे काही नाही. भोकापासून १५ सेमीवर, म्हणजे प्लेट पूर्ण वर असताना जी जागा चाकावर येते तिथे, थोडी लव आलेली दिसते. डायनीमाला वरवर लव येतेच, पदर शाबूत आहेत. तरी आता नांगरावर असताना प्लेट दर वेळी दोन बोटं वेगळ्या उंचीला ठेवतो, म्हणजे एकच जागा चाकावर बसून राहत नाही.

खर्च लिहून ठेवते. डायनीमा ९६०, पॉलिएस्टर दोरी ४७५, चाक आणि पिन ५२०, झिंक स्प्रे ४२०, कानस आणि पॉलिश पेपर १४०. हे २,५१५. वाया गेलेल्या दोन नायलॉनच्या दोऱ्या ३९०. दोन वेळा मदतीला आलेल्यांचं जेवण आणि चहा ९००. पुण्याहून ये-जा धरलेली नाही. ३१ मार्चला पाहिली ती कप्पी ११ मार्चला पाहिली असती, तर नायलॉनचे पैसे आणि एक पूर्ण ओहोटी वाचली असती.

२५ मे, शनिवार

होडी पावसाळ्यासाठी वर घेतली. आठ माणसं, ओंडके, भरतीचं पाणी. ओंडक्यांवरून सरकवताना झोळी बांधलेली होती, दोरीवर भरवसा असूनही, कारण धक्क्याने तीस किलोचं लोखंड उसळतं तेव्हा दोरीवर किती ओढ येते ते मला मोजता येत नाही. वाडीत आणल्यावर पेटी गोड्या पाण्याने धुतली. फटीतून तीन शिंपले आणि एक छोटा खेकडा निघाला. मग प्लेटखाली वाळूचं पोतं घालून ती त्यावर टेकवली, झोळी काढली, आणि दोरी सैल सोडून दिली. चार महिने तिच्यावर ओझं नको.